केळकरबाईंचा उलटा चार

डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात माझी केळकरबाईंशी ओळख झाली, पण आधी त्यांच्या लाल पेनाशी. जिन्याखालच्या बोर्डावर सेक्रेटरींनी नोटीस लावली होती, ‘उद्या पाणी येणार नसुन सर्व सभासदांनी याची नोंद घेणे.’ त्यातल्या ‘सु’भोवती कोणीतरी लाल गोल केला होता, शेजारी ठसठशीत ‘सू’ काढला होता आणि ‘घेणे’ खोडून वर ‘घ्यावी’ लिहिलं होतं. मी बघत उभी राहिले तसा वॉचमन म्हणाला, “तिसऱ्या माळ्यावरच्या टीचर. सगळ्या नोटिसा तपासतात. सेक्रेटरी पण काही बोलत नाहीत.”

बाई डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून रिटायर झाल्या होत्या. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. रिक्षावाल्याला त्या विचारायच्या, “आपण स्टेशनला येता का?” तो बिचारा आधी मागे वळून बघायचा, हे ‘आपण’ कोण म्हणून. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझा नवरा म्हणाला, “बाई, चहा चालेल?” तर म्हणाल्या, “चहा चालत नाही, तो आपण पितो. आणि हो, पिईन.” हे सगळं अजिबात न हसता. मग कप तोंडाला लावल्यावर डोळ्यांत किंचित हसल्या.

त्यांच्याकडे शिकायला जायची वेळ माझ्यावर आली ती बाथरूममध्ये पाय घसरून. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं लाकडासारखी झाली होती. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, “काकू, कणीक मळून कंटाळाल. काहीतरी विणा, गाठी मारा, बोटांना काम द्या.” संध्याकाळी बोर्डावर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरातला कागद दिसला. दोरीच्या गाठींची वीण, म्हणजे मॅक्रमे, शिकवण्यात येईल. दर शनिवारी दुपारी. आरंभ कपाखाली ठेवायच्या कोस्टरपासून.

संस्कृतच्या बाई आणि मॅक्रमे. मला गंमत वाटली. गेले.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. बाल्कनीतून खाजणातली तिवरांची हिरवी रेघ आणि तिच्या मागे खाडी दिसत होती. ओहोटी असली की चिखलाचा वास थेट खोलीत यायचा. आम्ही चौघी-पाचजणी होतो. माझ्या शेजारी बसली होती ती रेश्मा, कोपर गावातली सून. तिच्या घरची माणसं पूर्वी खाडीत जाळी टाकायची, आता नवरा कंपनीत होता. प्रत्येकीपुढे परीक्षेला नेतात तसलं क्लिपचं पॅड आणि कापलेल्या पांढऱ्या दोऱ्यांची जुडी. दोर सुती, कल्याणच्या बाजारातून आणलेला, हाताला मऊ.

बाई मांडी घालून बसल्या, पॅड मांडीवर घेतलं, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, “हाय, कसे आहात सगळे? आज आपण ना, एकदम सोप्पं कोस्टर करणार आहोत. ओके? अजिबात टेन्शन नाही घ्यायचं.”

मी रेश्माकडे बघितलं, रेश्माने माझ्याकडे. आवाज बाईंचाच होता, पण चाल दुसऱ्याच कोणाची तरी होती. शब्द थोडे ओढलेले, वाक्याच्या शेवटी हसू दाबल्यासारखं. एक दोरी क्लिपमध्ये आडवी धरायला सांगितली. बाकीच्या मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायच्या. “बघा, जणू कपडे वाळत घातले. छान दिसतंय की. आता पहिल्या चार दोऱ्या घ्या. मधल्या दोघी आळशी आहेत, त्या काहीच करणार नाहीत. काम बाहेरच्या दोघींचं. उजवीकडची उचला, मधल्यांवरून डावीकडे न्या. इंग्रजी चार दिसतो ना? फक्त आपला उलटा आहे, आरशातला. उलटा चार. आता डावीकडची तिच्या शेपटीवर ठेवा, मधल्यांच्या मागून घाला आणि उलट्या चारच्या पोटातून वर काढा. ओढा. जोरात नाही, प्रेमाने.”

मग तेच दुसऱ्या बाजूने. की झाली एक चौकोनी गाठ. पुढच्या ओळीत एका गाठीच्या दोन दोऱ्या आणि शेजारच्या गाठीच्या दोन घेऊन मधोमध गाठ मारायची, म्हणजे विटा एकावर एक सरकवून रचतात तशी वीण तयार होते. माझी बोटं वळत नव्हती. पहिली गाठ एका बाजूला कलली, दुसरी सुटली. बाईंनी वाकून बघितलं.

“चुकलं? चिल. सोड आणि परत बांध. काही नाही होत.”

केळकरबाईंच्या तोंडून ‘चिल’. मी सोडलं आणि परत बांधलं.

दोन ओळी झाल्या. तिसरी सुरू झाली. बाई म्हणाल्या, “आता तिसरी ओळ पहिलीसारखीच. म्हणजे परत पहिल्या चार दोऱ्या...” आणि थांबल्या. हात होते तिथेच राहिले. मान स्वयंपाकघराकडे वळली. “एक मिनिट हां. आई हाक मारते आहे.”

आम्हीही स्वयंपाकघराकडे बघितलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. कोणी हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. मग बाईंनी पाठ ताठ केली आणि त्यांच्या नेहमीच्या, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “पुढे. ओळी पूर्ण करा आणि कडा बंद करायला घ्या. रेषा सरळ आली पाहिजे. वाकडी आली तर उसवावी लागेल.” त्यानंतरचं सगळं, कडेच्या गाठी, उरलेल्या दोऱ्या कापणं, कंगव्याने झालर विंचरणं, त्यांनी असं शिकवलं की जणू आम्ही विभक्ती प्रत्यय पाठ करत होतो.

जिना उतरताना रेश्माने माझा दंड धरला. “बाईंची आय हाय का गो आत? किती वर्सांची असंल?”

“नव्वदच्या पुढे असेल,” मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी रेश्मा झाकणाच्या डब्यातून शेवयांची खीर घेऊन आली, मऊ शिजवलेली. बाई म्हणाल्या, “कोणासाठी?”

“तुमच्या आयसाठी. दात नसतील ना आता.”

बाई डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई मी कॉलेजात असताना गेली.” रेश्माचा चेहरा पांढरा पडला. ती डबा मागे घ्यायला लागली तर बाईंनी तो धरून ठेवला. “असू दे. मी खाईन. मला आवडते.” आणि क्लास सुरू केला. हाय, कसे आहात सगळे. आज आपण ना, एकदम सोप्पं कोस्टर. पुन्हा तिसऱ्या ओळीत, त्याच जागी, मान वळली. एक मिनिट हां. आई हाक मारते आहे. आता मात्र आमच्यापैकी कोणीच स्वयंपाकघराकडे बघितलं नाही. मला बघायचा धीर झाला नाही, खरं सांगायचं तर.

कोस्टर झाल्यावर पुढे काय, असं मी एकदा विचारलं. कुंडी टांगायची जाळी वगैरे शिकवाल का? “आधी कोस्टर नीट येऊ दे,” बाई म्हणाल्या. कोस्टर नीट आलं तरी पुढच्या शनिवारी कोस्टरच. नवीन बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरात पाण्याच्या तांब्याखालीसुद्धा कोस्टर आली. बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र एकही नव्हतं. त्या स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायच्या आणि पेला जमिनीवर टेकवायच्या.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण माझा स्वतःचाच उजवा हात तेव्हा परका झालेला. बाई लिहायच्या उजव्या हाताने. भाजी चिरायच्या, कुलूप लावायच्या, नोटिशीवर लाल गोल करायच्या, सगळं उजव्या हाताने. दोरी हातात आली की मात्र डावा हात पुढे व्हायचा. इतका सराईत की ह्याच हाताने जन्मभर काम केलंय असं वाटावं. इतर ठिकाणी शिकलेल्या एका बाईने आमच्या कोस्टरकडे बघून सांगितलं होतं, “तुमच्या गाठी सगळ्या उलट्या बाजूने पडतात. डावखुऱ्यांच्या पडतात तशा.”

ऋचाचं नाव अधूनमधून यायचं. कात्री मागितली की बाई म्हणायच्या, “ती ऋचाची आहे, जपून.” “ऋचाला पिवळा दोर आवडत नाही.” मी समजले की मुलगी बंगलोरला किंवा अमेरिकेत असेल. भिंतीवर कुठे तिचा हार घातलेला फोटो नव्हता. कोणाचाच फोटो नव्हता.

एका शनिवारी रेश्माची मुलगी आर्या बरोबर आली. शाळेत नुकतीच जायला लागलेली. तिला बाल्कनीजवळ बसवून रेश्माने खडू आणि कागद दिला. पोरीने डाव्या हाताने घर काढायला घेतलं. रेश्मा गाठ मारता मारता न बघताच म्हणाली, “आर्या, त्या हातान् नाय. आजी बघल तर हातावर देल.” पोरीने निमूट खडू उजव्या हातात घेतला.

बाईंचे हात थांबले. तिसरी ओळ अजून लांब होती.

“राहू दे तिला,” बाई म्हणाल्या.

“नाय बाई, सासूला आवडत नाय. जेवताना, देवापुढं, डावा हात बरा नाय दिसत.”

“राहू दे म्हणते ना मी.” आवाज चढला नव्हता. बाईंनी पॅड खाली ठेवलं. बराच वेळ खाडीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “ऋचा डावखुरी होती.”

‘होती’. बाईंच्या तोंडून भूतकाळ चुकून निघणं शक्यच नव्हतं. तेव्हा मला कळलं.

“शाळेतली बाई मी,” त्या सांगू लागल्या. “दुसऱ्यांच्या मुलांचं अक्षर सुधारायचं आणि माझ्याच मुलीची वही उलट्या अक्षरांनी भरलेली. मला कसं चालणार? ती पहिलीत होती. अभ्यासाला बसली की मी तिचा डावा हात रुमालाने खुर्चीच्या दांडीला बांधायची. घट्ट नाही. पण बांधायची. ती रडायचीसुद्धा नाही. शिकली उजव्या हाताने. सुंदर अक्षर होतं. मोठी झाल्यावर मी घरात नसले की सगळं डाव्याने करायची. मी खोलीत आले की पेन ह्या हातातून त्या हातात. मला दिसायचं. मी कधी काही बोलले नाही आणि तीही नाही.”

मग बाकीचं सांगितलं, एखाद्या धड्याचा सारांश सांगावा तसं. ऋचा जाहिरातींच्या कंपनीत होती. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. घरी बसून दोरी विणायला शिकली, मग दुसऱ्यांना शिकवायचे व्हिडिओ करायला लागली. फोन वर टांगून, कॅमेरा खाली रोखून. म्हणजे चेहरा नाही, फक्त हात आणि आवाज. मग तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात ती गेली. फोन आईच्या हातात आला.

“मला त्या दोऱ्यांतलं काही कळत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पण आवाज होता. म्हणून बघत बसायची. बघून बघून हाताला आलं. ती डाव्याने करते, म्हणून मीही.”

“उजव्याने सोपं गेलं असतं ना तुम्हाला?” मी विचारलं.

“करून बघितलं. तिची गाठ पडत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई कडक इस्त्रीची साडी नेसून कोपर गावात रेश्माच्या सासूला भेटायला गेल्या. अंगणात सुकट निवडत बसलेल्या त्या बाईशेजारी पाटावर बसून काय बोलल्या ते रेश्मालाही कळलं नाही. ती एवढंच म्हणायची, “सासू कोनाचं आयकत नाय. पन त्या दिसापासून पोरीला हात नाय लावला.”

आता क्लासमध्ये बसलं की मला ते दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू यायचे. कोस्टरचा अर्धा भाग ऋचा शिकवायची, तिसऱ्या ओळीपर्यंत. पुढचा बाई. कोस्टरचा व्हिडिओ तिने केलेला शेवटचा, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि तो अर्ध्यावर संपत होता. म्हणून आम्ही सगळ्या कोस्टरवरच थांबलेलो. हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. उलट ती वाढली. मान स्वयंपाकघराकडे वळायची तेव्हा मला आता माहीत होतं की हाक मारणारी बाई आत नाही, ती इथेच माझ्यासमोर बसलेली आहे, आणि जी तिची हाक ऐकते आहे ती मात्र कुठे आहे ते सांगता येत नाही.

काही महिन्यांनी ऋचाचा फोन फुगला. बॅटरीने मागचं झाकण उचललं आणि स्क्रीन काळी पडली. बाई फोन रुमालात गुंडाळून आमच्या दारात उभ्या राहिल्या. केस विंचरलेले नव्हते. “कोणीतरी बरोबर यायला हवं,” एवढंच म्हणाल्या. डोंबिवलीतल्या दोन दुकानांनी हात लावायला नकार दिला होता. व्हिडिओ दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेत का, असं मी विचारलं. नव्हते. “कोणाच्या फोनवर जायला नकोत,” असं त्यांना वाटलं होतं.

रिक्षाने कल्याणला गेलो. बाजारपेठेतल्या गल्लीत एक दुकान सापडलं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. पंचविशीचा एक जण भिंगाच्या दिव्याखाली डोकं घालून बसला होता. त्याने फोन उघडला, नाक जवळ नेलं, म्हणाला, “बोर्ड ठीक लगता है, आंटी. ट्राय करतो. थोडा टाइम जाईल, बसून घ्या.” बाई स्टुलावर बसल्या. एरवी ‘बसून घ्या’ ऐकून त्या उठून उभ्या राहिल्या असत्या. त्या दिवशी त्याचं एकही वाक्य त्यांनी दुरुस्त केलं नाही.

खूप वेळाने त्याने फोनला कसलीशी वायर लावली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर फायली दिसायला लागल्या. “आला सगळा डेटा. चेक करतो हां, चालतंय का.” त्याने शेवटची फाईल उघडली.

स्क्रीनवर दोन हात आले. सावळे, लांब बोटं, डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर शाईचा डाग. “हाय, कसे आहात सगळे? आज आपण ना, एकदम सोप्पं कोस्टर करणार आहोत. ओके?”

मी पाठ भिंतीला टेकवली. मला प्रत्येक शब्द पाठ होता. कुठे थांबणार, कुठे हसू दाबणार, सगळं. फक्त आवाज तरुण होता. आतापर्यंत मी बाईंनाच ऐकत आले होते, आणि आता कळलं की त्यात बाई किती थोड्या होत्या.

मुलाने व्हिडिओ पुढे सरकवला, थेट शेवटाजवळ. “...म्हणजे परत पहिल्या चार दोऱ्या... एक मिनिट हां. आई हाक मारते आहे.”

बाई उठल्या. “बंद करा,” म्हणाल्या, पण त्याला ऐकू गेलं नाही. कॉम्प्युटरमधून दुसरा आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून, धारदार.

“ऋचा, कितीदा बोलवायचं? अन्न निवतंय. आणि ते दोरीचे खेळ आवर आता. लोक हसतात. नोकरी बघ कुठेतरी.”

ते दोन हात दोरीवर स्थिर राहिले. मग डावा हात कॅमेऱ्याकडे आला, आणि काळोख.

“पुढचं उडालंय का?” मुलाने विचारलं. “परत बघू का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुढे नाहीच.”

परतताना रिक्षात त्या रुमालातला फोन आणि व्हिडिओ उतरवलेला नवीन पेनड्राइव्ह दोन्ही मुठीत धरून बसल्या होत्या. पत्री पुलावर गाड्या अडकल्या होत्या. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तो आवाज माझाच होता ना?”

“हो, बाई.”

“मी तिथेच बंद करते नेहमी. आई हाक मारते आहे, असं ती म्हणाली की बंद. पुढचं ती गेल्यापासून ऐकलं नव्हतं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला वाटत होतं मी हळू बोलले होते.”

रिक्षा दोन हात पुढे सरकली आणि परत थांबली.

“आली होती जेवायला,” त्या म्हणाल्या. “आमटी छान झाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप आला.”

पुढच्या शनिवारी क्लास होणार नाही असंच आम्हाला वाटलं होतं. पण दार उघडं होतं, सतरंजी अंथरलेली, पॅड मांडलेली. एक नवीन मुलगी आली होती, लग्न ठरलेली, सासरी भेट द्यायला म्हणून कोस्टर शिकणारी. बाईंनी सुरुवात केली. कपडे वाळत घातल्यासारख्या दोऱ्या, आळशी मधल्या दोघी, उलटा चार. दोन ओळी झाल्या. तिसरी आली.

“एक मिनिट हां. आई हाक मारते आहे.”

आणि बाईंनी पॅड खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. असं आजवर कधी झालं नव्हतं. दार लोटलं गेलं. आतून भांड्याचा, पाण्याचा, कसलाच आवाज आला नाही. रेश्माचा हात माझ्या हातावर आला. नवीन मुलगी एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

बाई परत आल्या. बसल्या, पॅड घेतलं. चेहरा मोकळा होता. आणि त्याच आवाजात, ऋचाच्या आवाजात, म्हणाल्या, “आई म्हणाली, आधी हातातलं पूर्ण कर, मग ये. ती थांबते आहे. चला, तर मग पटकन करू या. आता ना, आपण कडा बंद करणार आहोत. ही माझी सगळ्यात आवडती स्टेप आहे.”

पुढचं सगळं त्या आवाजात झालं. कडेच्या गाठी, दोऱ्या कापणं, झालर विंचरणं. हे शब्द कोणी कधी रेकॉर्ड केलेले नव्हते. तरी त्यात एकही शब्द बाईंचा वाटला नाही. “हलक्या हाताने हां. केस विंचरतो ना कोणाचे, तसं. बघा, झालं की. किती गोड झालंय.”

जिन्यात रेश्मा म्हणाली, “मना भीती वाटली गो.”

“मला पण,” मी म्हटलं. पण पुढच्या शनिवारी आम्ही दोघी होतोच. त्या शनिवारी बाईंनी कुंडीची जाळी शिकवायला घेतली.

त्यानंतर हळूहळू बाईंचा स्वतःचा आवाज कमी होत गेला. जिन्याखालच्या बोर्डावर सेक्रेटरींची चुकलेली नोटीस आठवडाभर तशीच राहिली. एकदा माझ्यासमोर त्यांनी रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, “दादा, स्टेशनला सोडणार का?” बिल्डिंगमध्ये कुजबूज सुरू झाली. त्यांचा ठाण्याचा भाचा दोनदा येऊन गेला, काळजीत दिसला. शेवटी एका दुपारी मीच धीर करून विचारलं, “बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी त्या पूर्ण केळकरबाई होत्या, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.

“मला वेड लागलेलं नाही. ऋचा गेली आहे, हे मला ठाऊक आहे. स्मशानात मीच गेले होते, दुसरं होतं कोण? पण ती होती तोवर मी तिला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. आता ती बोलते आहे. मी मध्ये कशाला बोलू?”



मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दोन-तीन महिन्यांत सगळे पांगले. रेश्मा कोपर गावात होती तिथेच, आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने गेलो आणि बाईंना भाच्याने ठाण्याला, त्याच्या घराजवळ एक खोली घेऊन दिली. सामान हललं त्या दिवशी मी ऑफिसात होते. नंतर फोन केला तर तो बंद. भाच्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. मधून मधून वाटायचं जाऊन यावं, आणि खरं तर वाटायचं की नको.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते ठाण्यातच, गेल्या थंडीत. कोर्टातलं काम आटोपून मी रस्त्याच्या ह्या बाजूला उभी होते आणि बाई पलीकडच्या बसस्टॉपवर. साडी तशीच इस्त्रीची, खांद्याला कापडी पिशवी. बऱ्याच वाळल्या होत्या. ऊन तोंडावर येत होतं. त्या कोणाशी तरी बोलत नव्हत्या, ऐकत होत्या. मान किंचित कलती, मध्येच होकार, मध्येच हसू. स्टॉपवर इतर माणसं होती, पण त्यांच्या बाजूला कोणी नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मध्ये बोलायचा मला काय अधिकार, असं वाटून गेलं.

बस आली. माणसं चढली. बाई सगळ्यांत शेवटी दरवाज्याशी आल्या, थांबल्या, एक पाऊल मागे सरल्या आणि लहान मुलाला पुढे घालताना धरतात तसा हात हवेत धरला. क्षणभरच. मग स्वतः चढल्या.

बस माझ्यासमोरून वळली तेव्हा त्या मला खिडकीतून दिसल्या. दोघांच्या सीटवर कडेला बसल्या होत्या, अंग आकसून घेऊन. खिडकीची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.